जुनी अवजारे, नवी भाषा



मध्यंतरी माझ्या कवितासंग्रहाचे हस्तलिखित तयार होत होते. प्रकाशकांचा निरोप आला, एकूण शब्द किती होतात ते कळवा. मी पेन्सिल घेऊन मोजायला बसलो. माझा भाचा संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो, तो त्या दिवशी घरी आला होता. माझी धडपड पाहून तो हसला आणि म्हणाला, "मामू, सरका जरा." घरातला जुना संगणक त्यानेच मला दुरुस्त करून दिला आहे आणि त्यावर लिनक्स नावाची कार्यप्रणाली घालून दिली आहे. त्याने एक काळी चौकट उघडली, तीत इंग्रजी ‘डब्ल्यू’ आणि ‘सी’ ही दोन अक्षरे टंकली आणि पुढे फायलीचे नाव लिहिले. पापणी लवायच्या आत शब्दांचा आकडा समोर आला.

मी म्हटले, "शब्द मोजतोस, तर अक्षरंही मोज." त्याने गंमत म्हणून ‘कविता’ हा एकच शब्द त्या आज्ञेपुढे ठेवला. एका प्रकाराने विचारले तर उत्तर आले १५. दुसऱ्या प्रकाराने विचारले तर ५. मला तर तीनच अक्षरे दिसत होती : क, वि, ता. भाचा म्हणाला, "तिन्ही उत्तरं बरोबर आहेत." क, व, वेलांटी, त आणि काना अशी पाच चिन्हे झाली. प्रत्येक चिन्ह साठवायला संगणक तीन बाइट जागा घेतो, म्हणून पंधरा. आणि तीन हे कानाला ऐकू येणारे उत्तर.

मी विचारात पडलो. आज्ञा दोन अक्षरांची, काम एका क्षणाचे. पण त्या आज्ञेच्या पोटात कोणीतरी, केव्हातरी बसून ‘अक्षर म्हणजे काय’ या प्रश्नाचा निर्णय केलेला आहे. मी विचारले, "हे कुणी लिहिलं रे?" तो म्हणाला, "ही अवजारं तुमच्या लग्नाच्याही आधीची आहेत, मामू. आता ती नव्या भाषेत पुन्हा लिहितायत. त्यावरून केवढं भांडण चाललंय!"

हे भांडण काय आहे, ते समजून घेण्याचा मी पुढे बरेच दिवस प्रयत्न केला. मी कला शाखेचा पदवीधर. गणिताशी माझे कधी जमले नाही. पण ऐकत गेलो तसे वाटू लागले, की हे भांडण माझ्या परिचयाचे आहे. जुने लिखाण नव्याने लिहावे का, कोणी लिहावे आणि लिहिताना काय गमावते, हा तर आमच्याच धंद्यातला प्रश्न. म्हणून आज त्याविषयी बोलतो आहे.

स्वयंपाकघरात विळी, चिमटा, उलथणे असते. ती कोणी घडवली हे आपण विचारत नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीतही अशी लहान लहान अवजारे असतात. एक फायलींची यादी दाखवते, एक नक्कल करते, एक जागा बदलते, एक पुसून टाकते, एक ओळी क्रमाने लावते, एक तारीख सांगते. लिनक्सबरोबर येणाऱ्या अशा मूलभूत अवजारांच्या संचाला ‘कोअरयुटिल्स’ म्हणतात आणि त्यात शंभराहून अधिक अवजारे आहेत. आपण समोर चित्रे पाहतो, बटणे दाबतो. पण पडद्यामागे रात्री आपोआप चालणारी असंख्य कामे याच अवजारांना हाका मारून होत असतात.

यांचे कूळ मोठे आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीचा पाया घातला. सुरुवातीला ती थेट यंत्राच्या बोलीच्या जवळच्या भाषेत लिहिलेली होती. पुढे रिची यांनी ‘सी’ नावाची भाषा तयार केली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा त्या भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. म्हणजे पुनर्लेखन हे या घराण्याच्या जन्मापासूनचे आहे.

दुसरे पुनर्लेखन दहा वर्षांनी सुरू झाले. युनिक्स ही एका कंपनीच्या मालकीची वस्तू होती. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रॅमरला हे पटत नव्हते. ज्या प्रोग्रॅमवर आपले काम चालते त्याची मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला असावा, असे त्यांचे म्हणणे. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखेच वागणारे, पण सर्वस्वी नव्याने लिहिलेले आणि मुक्त असे सारे काही तयार करायचे. नावे तीच, वागणूक तीच, मात्र लिखाण पूर्ण नवे. युनिक्सची मूळ संहिता पाहून लिहायचे नाही, असा दंडक होता. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला, तेव्हा ही अवजारे त्याच्या उपयोगाला आली.

तेव्हा आज ज्यांना आपण ‘जुनी अवजारे’ म्हणतो, तीही एके काळी नवीच होती आणि दुसऱ्याच्या वस्तूचे पुनर्लेखनच होती. वादात दोन्ही बाजूंचे लोक ही गोष्ट विसरतात, असे मला वाटते.

त्या पुनर्लेखनाने काही साधले का? याचे उत्तर एका वादळी रात्रीत सापडते. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक बार्टन मिलर घरून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. बाहेर गडगडाट चालू होता. तारेवरच्या खरखरीमुळे त्यांच्या आज्ञांत भलतीच अक्षरे मिसळत होती. चुकीची अक्षरे आली तर प्रोग्रॅमने तक्रार करावी, पण अनेक प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळू लागले. मिलर यांनी ती गोष्ट विद्यार्थ्यांना अभ्यासाला दिली : युनिक्सच्या अवजारांवर मुद्दाम निरर्थक अक्षरांचा मारा करा. १९९० साली निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या अवजारांपैकी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अशा माऱ्याने बंद पडली होती. १९९५ साली हीच परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा कोसळण्याचे प्रमाण सर्वांत कमी कुणाचे निघाले? ग्नूच्या अवजारांचे. पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या युनिक्सच्या प्रकारांपेक्षा फुकट मिळणारी अवजारे अधिक टणक ठरली. ओळ किती लांब, नाव किती मोठे याला मनाने मर्यादा घालू नका, असा ग्नूच्या लेखकांना घालून दिलेला नियम होता. त्याचा हा गुण असावा.

मग आता पुन्हा लिहायचे कारण काय? कारण ती ज्या सी भाषेत लिहिलेली आहेत, त्या भाषेचा एक स्वभावदोष आहे.

संगणकाची स्मृती म्हणजे टपाल कचेरीतल्या खणांची लांबच लांब रांग समजा. प्रोग्रॅमने सांगितले, मला आठ खण द्या. आठ मिळाले. पण पत्रे आली दहा. सी भाषा त्याला अडवत नाही. नववे आणि दहावे पत्र शेजाऱ्याच्या खणात पडते. शेजारच्या खणात पहारेकऱ्याला द्यायचे हुकूम असतील, तर त्यांच्यावर ही पत्रे पडतात. चोर नेमके हेच करतो. तो मुद्दाम लांबलचक मजकूर पाठवतो, म्हणजे त्याच्या पत्रातला हुकूम पहारेकऱ्याच्या खणात पडावा. दुसरा प्रकार असा, की प्रोग्रॅम खण परत करतो पण किल्ली खिशातच ठेवतो. पुढे तो खण दुसऱ्याला मिळतो आणि हा विसरून जुन्या किल्लीने उघडतो. सी भाषा प्रोग्रॅमरवर पूर्ण विश्वास टाकते. त्यामुळे ती वेगवान आहे, आणि त्यामुळेच धोक्याची आहे.

हा धोका कागदावरचा नाही. ‘सुडो’ नावाचे एक अवजार आहे. ते दारावरचा राखणदार आहे. साध्या वापरकर्त्याला क्षणभर मुख्य व्यवस्थापकाचे अधिकार द्यायचे की नाही, हे ते ठरवते. १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात ते लिहिले गेले. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघड केले, की या राखणदारात खणाबाहेर मजकूर जाण्याचा एक दोष आहे. आज्ञेच्या शेवटी एक तिरपी रेघ विशिष्ट रीतीने ठेवली, की साधा वापरकर्ता मालक होऊ शकत होता. दोष आत शिरला होता २०११ साली. जवळजवळ दहा वर्षे जगभरच्या संगणकांवर तो उघड्या संहितेत पडून होता आणि कुणाला दिसला नव्हता. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने सांगितले होते, की त्यांना दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष या खणांच्या गोंधळातून येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने अहवाल काढून, स्मृतीच्या दृष्टीने सुरक्षित भाषांकडे वळा, असे आवाहन केले.

अशा भाषांपैकी सध्या ज्या भाषेचा बोलबाला आहे तिचे नाव ‘रस्ट’. तिची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. २००६ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे राहणारे ग्रेडन होर घरी परतले, तर इमारतीची लिफ्ट बंद. लिफ्टचा प्रोग्रॅम कोसळला होता. घर एकविसाव्या मजल्यावर. पायऱ्या चढता चढता हा प्रोग्रॅमर वैतागला : साधी लिफ्ट न कोसळता चालेल असा प्रोग्रॅम आपल्याला लिहिता येऊ नये? त्याने नवी भाषा रचायला घेतली. पुढे मोझिला या संस्थेने तिला आश्रय दिला आणि २०१५च्या मे महिन्यात तिची पहिली पक्की आवृत्ती आली. रस्ट म्हणजे लोखंडावरचा गंज, असे मला वाटले होते. पण कर्त्याच्या मनात होती ती रस्ट नावाची बुरशी. आपले शेतकरी जिला गव्हावरचा तांबेरा म्हणतात, तीच. काही केल्या मरत नाही, हा तिचा गुण त्याला आवडला होता.

या भाषेचा नियम वाचनालयासारखा आहे. प्रत्येक वस्तूला एकच मालक. मालक ती उसनी देऊ शकतो. एका वेळी कितीही जणांनी वाचायला न्यावी, पण कोणाला तीत लिहायचे असेल तर त्या वेळी ती एकट्याच्याच हाती असली पाहिजे. हा नियम मोडला आहे का, ते प्रोग्रॅम चालण्याच्या आधीच तपासले जाते आणि मोडला असेल तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. चालताना आठ खणांपलीकडे नवव्याला हात घातला, तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो, शेजाऱ्याचे घर बिघडवत नाही.

२०१३ साली काही हौशी मंडळींनी ग्नूची ही अवजारे रस्टमध्ये पुन्हा लिहायला घेतली. प्रकल्पाचे नाव ‘युयुटिल्स’. पुढे मोझिलात काम करणारे सिल्व्हेस्त्र लेद्रू यांनी त्यात पुढाकार घेतला. ग्नूपेक्षा वेगळे वागणे म्हणजे आपली चूक, असे या मंडळींनी स्वतःशी ठरवले आहे. सुडोचेही ‘सुडो-आरएस’ या नावाने पुनर्लेखन झाले. मार्च २०२५ मध्ये उबंटू या लोकप्रिय लिनक्सच्या चालकांनी जाहीर केले, की पुढच्या आवृत्तीत आम्ही ही नवी अवजारे मूळ जागी बसवणार. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी आलेल्या २५.१० या आवृत्तीत तसे झालेही.

आणि त्याच महिन्यात एक फजिती झाली. ती समजून घेण्यासारखी आहे.

तारीख सांगणारे ‘डेट’ हे अवजार आहे. त्याला एका खुणेने विचारले, तर ते अमुक फाइल शेवटची केव्हा बदलली याची तारीख सांगते. नव्या अवजाराने ही खूण ओळखली, तक्रार केली नाही, पण त्या खुणेचे काम मात्र त्यात लिहिलेलेच नव्हते. फायलीची तारीख विचारली तरी ते आजचीच तारीख सांगत राहिले. आता संगणकात एक आपोआप चालणारी व्यवस्था असते. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आल्या आहेत का, हे आपण शेवटचे केव्हा तपासले होते, ते ती याच आज्ञेने पाहते. उत्तर येई, आजच. मग व्यवस्था म्हणे, आजच पाहिले आहे तर पुन्हा कशाला? अशा रीतीने काही संगणकांवर सुरक्षेच्या दुरुस्त्यांची आपोआप तपासणी मुकाट्याने बंद पडली. सुरक्षेसाठी आणलेल्या अवजाराने सुरक्षेचेच दार लावून घेतले. दोष लवकर सापडला आणि दुरुस्तही झाला. पण त्यात खणांचा गोंधळ नव्हता. नवी भाषा ज्या चुका पकडते, त्यांतली ही चूकच नव्हती.

त्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत आणखी एक उणीव होती, ती तुमच्या-माझ्या जवळची आहे. ओळी क्रमाने लावणारे जुने ‘सॉर्ट’ हे अवजार संगणकात नोंदवलेला त्या त्या भाषेचा क्रम विचारून घेते. नव्या संचात भाषांचे हे काम अपुरे होते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो. पण संगणकाच्या चिन्हांच्या क्रमांकांत तो ‘ल’च्या पाठोपाठ आणि ‘व’च्या आधी आहे. नुसत्या क्रमांकाने लावले तर ‘कळ’ आधी आणि ‘कवी’ नंतर. मराठी क्रमाने कवी आधी. शब्दकोशाच्या किंवा मतदारयादीच्या दृष्टीने ही क्षुल्लक गोष्ट नाही. अर्थात जुन्यांनाही फार ऐट मिरवता येणार नाही. ग्नूच्या ‘कट’ या अवजाराला, मला पहिली पाच अक्षरे कापून दे, असे सांगितले तर ते दीर्घकाळ अक्षरांऐवजी बाइटच कापत आले. म्हणजे आपल्या ‘कविता’तला ‘व’ मधोमध चिरला जाणार. हे आत्तापुरते आहे, असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असे, आणि ते ‘आत्तापुरते’ वर्षानुवर्षे चालले.

इथे मला माझीच एक गोष्ट आठवते. माझ्या एका संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली. मुद्रिते तपासणारा तरुण हुशार होता, मनापासून काम करणारा होता. पहिल्या आवृत्तीतल्या शुद्धलेखनाच्या कितीतरी चुका त्याने काढल्या. एका कवितेत ओळ होती, तीत आईने बांगडी ‘वाढवली’ असे होते. त्याला वाटले, बांगडी कशी वाढेल? त्याने तिथे ‘फुटली’ केले. व्याकरण बिनचूक, अर्थही बरोबर. पुस्तक छापून हातात आले तेव्हा मी पाहिले. ऐकणाऱ्यांपैकी वडीलधाऱ्यांना सांगायला नको, की बांगडी फुटली असे आपल्या घरांतून म्हणत नाहीत. ते अशुभ. म्हणून वाढवली म्हणायचे. माझी आई तसेच म्हणायची. त्या चुकीच्या दिसणाऱ्या शब्दात बायकांच्या किती पिढ्यांचे भय आणि मर्यादा सांभाळून ठेवलेली होती. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याला ते कोणी सांगितलेच नव्हते. आणि मीही समासात कुठे लिहून ठेवले नव्हते.

जुन्या संहितेत असे ‘वाढवली’ जागोजाग असतात. वाचणाऱ्याला वाटते, ही ओळ इथे कशाला? तर वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फायली एका विचित्र परिस्थितीत पुसल्या गेल्या होत्या, त्याने कळवले, कोणीतरी रात्रभर बसून ती ओळ घातली. जुनी संहिता म्हणजे आजवर आलेल्या अडचणींची वही. भाषा बदलली म्हणून ही वही आपोआप नव्या घरी जात नाही.

त्यातच एक चमत्कारिक अडचण आहे. ग्नूची अवजारे ज्या परवान्याखाली आहेत, तो म्हणतो : घ्या, बदला, वाटा; पण बदललेले वाटाल तेव्हा त्याची संहिताही तशीच मुक्त ठेवा. युयुटिल्सचा परवाना अधिक सैल आहे. त्यातून घेऊन कोणी आपली बंद वस्तू केली तरी त्याला मुभा आहे. त्यामुळे ग्नूचे लिखाण युयुटिल्समध्ये उतरवता येत नाही. म्हणून नव्या प्रकल्पाने आपल्या कार्यकर्त्यांना बजावले आहे, की ग्नूची संहिता पाहून लिहू नका. म्हणजे जे पुस्तक सर्वांसाठी उघडे ठेवले, तेच पुनर्लेखन करणाऱ्याने मिटून ठेवायचे. चाळीस वर्षांपूर्वी ग्नूवाल्यांनी युनिक्सच्या बाबतीत हेच केले होते. फरक इतकाच, की तेव्हाचे पुस्तक कुलपात होते. मग नव्या लोकांना जुन्याची आठवण मिळणार कुठून? तर बाहेरच्या वागणुकीतून, माहितीपत्रकांतून आणि परीक्षांतून. ग्नूच्या मंडळींनी आपल्या अवजारांसाठी शेकडो परीक्षा लिहून ठेवल्या आहेत. नवे लोक त्याच परीक्षांना आपली अवजारे बसवतात. ज्या अडचणीची परीक्षा कोणी लिहून ठेवली होती ती नव्या घरी पोचते. जिची नव्हती ती राहून जाते. डेटची ती खूण अशीच राहून गेली.

परवान्याचा वाद मला भाषेच्या वादापेक्षा मोठा वाटतो. गावची विहीर आणि पाणपोई, दोन्हीकडे पाणी फुकटच मिळते. पण विहिरीवर गावाचा हक्क असतो. पाणपोई ती घालणाऱ्याच्या मर्जीवर असते. सैल परवान्यामागेही विचार आहे. जास्तीत जास्त लोकांनी वापरावे, अटींनी कोणी दूर जाऊ नये, हा तो विचार. तरीही नवी भाषा आणताना जुना हक्क सोडायचा का, हा निर्णय वेगळा घ्यायला हवा होता. तो भाषेच्या पदराआडून होऊ नये.

सुडोच्या कथेने तर मला दोन्ही बाजूंना हात जोडायला लावले. जून २०२५ मध्ये मूळ सुडोत पुन्हा एक गंभीर दोष उघड झाला. या वेळी तो खणांचा नव्हता, विचारातला होता. नव्या सुडोत तो नव्हता. नव्यांनी ती सोयच घेतली नव्हती. कमी सोयी म्हणजे कमी दारे, हे त्यांचे धोरण कामाला आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या सुडोतही दोष निघाले. त्यांतला एक असा, की परवलीचा शब्द अर्धवट टंकून माणूस थांबला आणि मुदत संपली, तर टंकलेली अक्षरे पडद्यावर उघडी दिसत. भाषा कोणतीही असो, विचारातली चूक तिला दिसत नाही.

आणि या सगळ्यात माणसे आहेत. मूळ सुडो तीस वर्षांहून अधिक काळ टॉड मिलर नावाच्या गृहस्थांनी सांभाळले आहे. हे मिलर वादळातल्या प्राध्यापकांहून वेगळे. जगातले किती संगणक त्यांच्या राखणदारावर विसंबून आहेत, याला गणती नाही. त्यांनी आपल्या संकेतस्थळावर लिहिले होते, की हे काम चालू ठेवण्यासाठी मला प्रायोजक हवा आहे. नवे सुडो लिहिणाऱ्यांना त्यांनी राग न धरता सल्लाही दिला. नव्याला देणगी मिळते, सभेत टाळ्या मिळतात. जुने सांभाळणाऱ्याला आठवतात ते दोष निघाल्यावरच. पुनर्लेखनाच्या बाजूचा एक खरा मुद्दाही इथेच आहे. सी भाषेत मनापासून काम करणारे हात म्हातारे होत आहेत आणि तरुण मंडळी नव्या भाषेकडे ओढली जाताहेत. उद्या दिवा लावायला कोणीच नसेल, तर जुन्या वाड्याचे कौतुक करून काय उपयोग?

मग करावे काय? एक उदाहरण मला पटले. गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीत खणांच्या गोंधळातून येणाऱ्या दोषांचा वाटा २०१९ साली ७६ टक्के होता. २०२४ साली तो २४ टक्क्यांवर आला. यासाठी त्यांनी सगळे जुने लिखाण मोडून काढले नाही. जुने बहुतांशी राहू दिले, नवे जे लिहायचे ते सुरक्षित भाषेत लिहिले. त्यांना असे आढळले, की दोष बहुधा नव्या लिखाणात असतात. जुने लिखाण जसजसे वापरात मुरते, तसतसे त्यातले दोष कमी होत जातात.

माझे मत विचाराल तर असे. दारावरचा राखणदार किंवा परक्या माणसाचा मजकूर घेणारी खिडकी असेल, तर तिथे नवी भाषा जरूर आणावी. ओळी मोजणाऱ्या, तारीख सांगणाऱ्या अवजाराला घाई नसावी. जुने काढताना ते लगेच भंगारात घालू नये. उबंटूने जुनी अवजारे हाताशी ठेवली आहेत, हव्या त्या माणसाला ती परत बसवता येतात, हे मला शहाणपणाचे वाटले. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याने जुने सांभाळले त्याच्याकडून केवळ वागणूक उचलू नये, कारणेही विचारून घ्यावीत. तो आहे तोवर.

पुढच्या आवृत्तीत मी ‘वाढवली’ पूर्ववत केले. या वेळी खाली बारीक अक्षरांत एक टीप दिली, आई असे का म्हणायची याची. भाच्याला ती दाखवली. तो वाचून म्हणाला, "मामू, आम्ही याला कॉमेंट म्हणतो. लिहायला सगळ्यांना कंटाळा येतो."

मी म्हटले, "कंटाळा आम्हालाही आला होता, बेटा. म्हणून तर बांगडी फुटली."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)